माझ्या हातचे धपाटे

माझ्या हातचे धपाटे आमच्या ऑफिसात फार प्रसिद्ध होते. ते मी कधी केलेले नव्हते, एवढीच काय ती त्यात उणीव.

धपाटे म्हणजे काय हे मराठवाड्यात कोणाला सांगावं लागत नाही. पण पुण्या-मुंबईकडची माणसं 'म्हणजे थालीपीठच ना' असं म्हणून मोकळी होतात आणि मग आमच्याकडच्यांचा पारा चढतो, म्हणून सांगते. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं गव्हाचं, थोडं डाळीचं, लसूण-मिरचीचं वाटण, तीळ, ओवा, हळद, कोथिंबीर आणि भिजवायला ताक. इथपर्यंत कोणीही येईल. खरी परीक्षा पुढं आहे. पोळपाटावर ओलं फडकं पसरायचं, त्यावर गोळा ठेवायचा, बोटांनी थापत थापत तो पातळ करत न्यायचा आणि मग फडक्यासकट उचलून तव्यावर उलटा टाकायचा. फडकं अलगद सुटून हातात आलं पाहिजे. काहींचं येतं. काहींच्या फडक्याला अर्धा धपाटा चिकटून राहतो आणि उरलेला अर्धा तव्यावर करपतो. मी या दुसऱ्या गटातली.

आमच्या घरी धपाटे करायचे ते आमचे हे. म्हणजे माझा नवरा. एका शाळेत कवायतीचे मास्तर. मिशा अशा की उशिरा आलेली पोरं फाटकातून आधी मिशा कुठं आहेत ते बघायची आणि मग आत पाऊल टाकायची. ह्यांनी शिट्टी वाजवली की मैदानावरच्या पोरांबरोबर रस्त्यावरचा सायकलवालाही ब्रेक दाबायचा. असा हा माणूस सकाळी कमरेला टॉवेल गुंडाळून पोळपाटापुढं मांडी घालून बसायचा आणि पापडासारखे पातळ धपाटे थापायचा. ओट्यापाशी उभं राहून ह्यांना जमत नसे. त्यासाठी गॅसची शेगडी खाली फरशीवर घ्यायला लावली होती. पाहुणे आले की ती वर जायची आणि पाहुणे गेले की खाली यायची.

हे सिल्लोडकडच्या गावचे. घरी शेती. चार भाऊ, बहीण नाही, हे थोरले. सासूबाईंना दमा. चुलीच्या धुरापुढं बसल्या की रात्रभर बसूनच काढायच्या. मग शाळेतून आल्यावर चूल ह्यांच्याकडे आली ती राहिलीच. धाकटे भाऊ चार-चार भाकरी हाणायचे आणि हात धुता धुता थोरल्याला 'सैपाकीण' म्हणायचे. ते एक वेळ चाललं असतं, घरातल्या घरात होतं. पण ह्यांच्या लग्नाचं बघत होते तेव्हा भावकीतले एक काका भरल्या बैठकीत म्हणाले, "याला बायको कशाला बघता? एखादा कमावता नवराच बघा की." बैठक हसली. सासरेही हसले. हे मला ह्यांनी लग्नानंतर दोन वर्षांनी, भिंतीकडे तोंड करून सांगितलं. त्या बैठकीनंतर चार माणसांत ह्यांनी चुलीकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.

आणि नशिबाची थट्टा बघा, बायको मिळाली ती माझ्यासारखी. माझं माहेर शहरातलं, बाबा कोर्टात कारकून, घरात पोळ्यांचा रिवाज. ज्वारीच्या पिठाशी माझी ओळख गिरणीपर्यंतच. लग्न झाल्यावर गावी पहिली भाकरी थापली, ती बघून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बाई, ही भाकर हाय का गवरी?" मला राग आला होता. आता वाटतं, त्यांनी पुष्कळच सांभाळून घेतलं.

पुढं आम्ही गारखेड्यात दोन खोल्यांचं घर केलं. तेव्हा आजूबाजूला अजून शेतं होती आणि रिक्षावाले गारखेडा म्हटलं की तोंड वाकडं करायचे. तिथं आल्यावर पहिल्याच रविवारी ह्यांनी खिडकी लावली, पुढच्या दाराला कडी घातली आणि धपाटे केले. मी तव्यावरून ताटात आणि ताटातून तोंडात, असं उभ्यानंच खात सुटले. पोट भरलं तशी ह्यांनी माझा हात धरून स्वतःच्या गळ्याला लावला. "कुणाला बोललीस तर माझ्या गळ्याची शपथ हाय तुला." मी हसत हसत शपथ घेतली. नवी नवी बायको होते, त्या दिवसांत कसलीही शपथ घेतली असती. धपाट्याच्या एका घासावर आपण जन्मठेप पत्करतो आहोत, हे काही मला तेव्हा कळलं नाही.

मग मला नोकरी लागली. ऑफिस उस्मानपुऱ्यात. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघी एका टेबलावर पेपर पसरून बसायचो. एक हेडक्लार्क बाई, वयानं मोठ्या, बोलण्यात त्याहून मोठ्या. एक टायपिस्ट, माझ्याच वयाची. आणि एक रेकॉर्ड रूममधली, शहागंजकडं राहणारी, दखनी बोलणारी मैत्रीण. रीत अशी की सगळे डबे मध्ये उघडायचे आणि स्वतःचा सोडून दुसरीचा खायचा. पहिल्याच दिवशी माझ्या डब्यात धपाटे होते. सोबत शेंगदाण्याची चटणी. हेडक्लार्क बाईंनी एक तुकडा मोडला, चावला आणि डोळे मिटले. रेकॉर्ड रूमवाली म्हणाली, "अगे क्या बनाती गे तू! हमारे घर में तो किसीकू नै जमता."

'कोणी केले?' असं जर त्यांनी विचारलं असतं, तर मी काय केलं असतं मला ठाऊक नाही. पण तसं कोणी विचारलंच नाही. "कसे केलेस?" असं विचारलं. बाईच्या डब्यातली वस्तू बाईनंच केलेली असणार, त्यात विचारण्यासारखं काय आहे? मी म्हणाले, "ताकात भिजवायचं." ते खरंच होतं.

संध्याकाळी घरी आले तर हे दारातच. रोज इतक्या लवकर घरी नसायचे. "काय म्हणाल्या?" मी सांगितलं. ह्यांनी पेपर उघडून तोंडापुढं धरला आणि आतून विचारलं, "मोठ्या बाई काय म्हणाल्या?" तेही सांगितलं. "डोळे मिटले?" "मिटले." "किती वेळ?" पेपर उलटा नव्हता एवढंच, पण एकाच पानावर तो अर्धा तास होता.

त्या दिवसापासून माझा डबा ठरला. इतरांच्या डब्यांत आज भेंडी, उद्या वरणफळं, परवा मेथीची भाजी असा फिरता कारभार. माझ्या डब्याला मात्र बदली नाही. एकदा मी हट्टानं साधी पोळी-भाजी नेली. टायपिस्टनं झाकण काढलं, आत बघितलं आणि काळजीनं माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "तुला बरं नाय का?" हेडक्लार्क बाई काही बोलल्या नाहीत, पण दिवसभर फायली आपटत होत्या. आणि गंमत म्हणजे माझ्या डब्यातलं मला कधी मिळायचं नाही. मी हात पुढं करेपर्यंत फन्ना उडालेला असायचा आणि माझ्या वाटणीला टायपिस्टचा शेपू यायचा. मी शेपू इतका खाल्ला आहे की आजही भाजीवाल्याच्या गाडीवर तो दिसला की मी पलीकडच्या फुटपाथनं जाते.

कौतुकाचं ओझं होतं हे लोकांना पटत नाही. निंदा झाली तर माणूस भांडू शकतो. कौतुक करणाऱ्याशी कसं भांडणार? 'तुझ्या हातचं' असं म्हटलं की मला आपले दोन्ही हात दोरीनं बांधल्यासारखे वाटायचे. हळदी-कुंकवाला गेले तर तिथल्या बायका म्हणायच्या, "धपाटेवाल्या ना तुम्ही?" माझं मराठीतलं एम.ए., माझं टिपण, मी काढलेली पत्रं, यातलं काही कोणाच्या लक्षात राहिलं नाही. बदलीचा अर्ज करावा असंही मनात यायचं. पण नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी डब्यात काय नेलं असतं?

त्यात हिवाळ्यातल्या शालेय स्पर्धा. हे खो-खोची पोरं घेऊन कधी जालन्याला, कधी बीडला जायचे. ते नसले की डबा नाही. सुरुवातीला मी त्या दिवशी रजा टाकायची. रजा संपत आल्या तशी उपवास धरू लागले. आज संकष्टी, उद्या गुरुवार, परवा घरचं काही. त्या काळात मी इतके उपवास केले की हेडक्लार्क बाईंना माझ्या भक्तीबद्दल फार आदर वाटू लागला आणि त्यांनी मला एक पोथी भेट दिली. ती वाचायलाही लागली, कारण त्या मधून मधून अध्याय विचारायच्या.

त्याच बाईंनी एकदा कृती मागितली. मी घरी येऊन ह्यांना प्रमाण विचारलं. हे म्हणाले, "अंदाजानं." "किती पीठ?" "पुरेल इतकं." "ताक?" "पीठ मागंल तितकं." आता हे ऑफिसात जाऊन कसं सांगणार? मी आपल्या मनानं वाट्या आणि चमचे सांगितले. दुसऱ्या दिवशी बाईंचे धपाटे चपलेच्या तळव्यासारखे झाले. मला वाटलं, चला, भांडं फुटलं, सुटले एकदाची. पण त्या कौतुकानं म्हणाल्या, "काही म्हण, तुझ्या हातालाच गुण आहे." म्हणजे आणखी एक गाठ बसली.

शिकायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एका मे महिन्यात रोज सकाळी ह्यांच्यापुढं बसले. पण कवायतीचा मास्तर घरी तरी वेगळा कसा होणार? "फडकं ताठ! पाणी! बोटं जुळव! आता फिरव, फिरव, थांब!" थांब म्हटलं की मी थांबायची आणि तेवढ्यात धपाट्याला भोक पडायचं. "अगं, हातात जीव घाल." मी जीव घातला की पीठ फाटायचं, नाही घातला की चिकटायचं. महिनाभर आम्ही दोघांनी माझे धपाटे दुधात कुस्करून खाल्ले. जूनमध्ये शाळा उघडली आणि ह्यांनी न बोलता पोळपाट पुन्हा आपल्याकडे ओढला.

एका संध्याकाळी मी सरळ विषय काढला. "अहो, सांगून टाकू या का?" हे शिट्टीची दोरी विणत बसले होते. विणतच राहिले. "नाय." "का पण?" "हसतील." "हसू देत. कितीसे हसतील?" तेव्हा ह्यांनी मान वर केली. "तुझं काय जातंय? हसणार मला." मग दोरीला एक गाठ मारली आणि म्हणाले, "त्या शहागंजवाल्या बाई आज काय म्हणाल्या?"

त्या क्षणी मला ह्यांचा राग आला आणि दयाही आली. हा माणूस रोज माझ्या तोंडून आपलं कौतुक घोट घोट पीत होता. मी पोस्टमनसारखी दुसऱ्याची पत्रं पोचवत होते. एकदा, फक्त एकदाच, कोणीतरी ह्यांच्याकडे बघून 'वा' म्हणावं आणि ते ह्यांच्या कानांनी ह्यांना ऐकू यावं, असं मला फार वाटायचं. मलाही सुटायचं होतंच. दोघांच्या सुटकेची वाट एकच होती आणि तिच्यावर माझी शपथ आडवी बसली होती.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका जानेवारीत ऑफिसची सहल निघाली, सगळे सहकुटुंब. सकाळी अजिंठ्याची लेणी आणि दुपारी फर्दापूरजवळ हेडक्लार्क बाईंच्या भावाच्या शेतावर हुरडा. हे यायला तयार नव्हते. "तुमच्या बायांत माझं काय काम?" पण बाकीच्यांचे नवरे येणार होते म्हणून आले. पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट. लेण्यांत सगळे चित्रं बघत होते आणि हे मागं राहिलेल्या पोरांना मोजून रांगेत लावत होते.

शेतावर पोचलो तर बांधालगत आगटी पेटलेली, कोवळ्या कणसांचा वास सुटलेला, बाजेवर गोधड्या टाकलेल्या. पुरुषमंडळी बाजेवर बसली. ह्यांना साहेबांच्या शेजारी जागा मिळाली. आम्ही हुरडा खाल्ला, गुळाचे खडे खाल्ले, वर ताक प्यालो. मी म्हटलं, बाई, काय सुंदर दिवस आहे, आज डबा नाही. आणि तेवढ्यात हेडक्लार्क बाई टाळी वाजवून उभ्या राहिल्या. "आता खरी मजा. आजवर आपण हिचे गार धपाटे खाल्ले. आज गरम खायचे!"

बघते तर झाडाखाली तीन दगडांची चूल तयार, वर तवा, बाजूला परात, पीठ, वाटण, ताक, पोळपाट आणि स्वच्छ धुतलेलं ओलं फडकं. बाईंनी मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून आठवडाभर कोणाला कळू दिलं नव्हतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे बघत होते.

मी कारणं सांगितली. मनगट दुखतंय, ऊन लागलंय, चुलीची सवय नाही. "नखरे बास," म्हणत टायपिस्टनं मला खांद्यांना धरून खाली बसवलं. सगळे भोवती उभे राहिले, बाजेवरची मंडळीही उठून आली. मी पीठ कालवलं. घाईत ताक जास्त पडलं. पीठ वाढवलं, तर मीठ कमी झालं. गोळा फडक्यावर ठेवला आणि थापायला लागले. मेमधली सगळी कवायत आठवली, फडकं ताठ, बोटं जुळव. उचलला आणि तव्यावर टाकला. अर्धा फडक्यालाच राहिला. उरलेला तव्याच्या कडेवरून घसरून थेट जाळात पडला.

"अगे, आज क्या हुआ तेरेकू?" रेकॉर्ड रूमवाली म्हणाली. कोणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "इतक्या लोकांपुढं गडबडल्या असतील." दुसराही तसाच गेला. तिसरा मी उचललाच नाही, फडक्यावर हात ठेवून नुसती बसून राहिले. डोळ्यांत धुराचं निमित्त होतं, पण ते पाणी धुराचं नव्हतं. मागं ना पुढं, अशी मी तिथं अडकले होते. तोंड उघडावं तर शपथ मोडते आणि ह्यांची भर बैठकीत शोभा होते. गप्प बसावं तर समोर पिठाचा गोळा.

गर्दीतून पांढरे बूट पुढं आले. ह्यांनी ते माझ्याशेजारी काढून ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मांडी घालून बसले आणि म्हणाले, "सरक."

मी सरकले. ह्यांनी परातीतलं पीठ पुन्हा मळलं, चिमूट तोंडात टाकून मीठ घातलं, फडकं पिळून झटकून पसरलं. मग तो हात चालू लागला. मला तो रोजचा होता, तरी मीही बघत राहिले. बोटं कुठं थांबत नव्हती, गोळा आपोआप पसरत असल्यासारखा पसरत होता. उचलून टाकला, फडकं सुटलं, मधोमध बोटांनी चार भोकं, त्यांत तेल. पहिला धपाटा ह्यांनी वर न बघता पुढं केला. तो साहेबांच्या हातात गेला. दुसरा, तिसरा, चौथा. ह्यांची मान खाली होती पण कान लाल झाले होते आणि खांदे ताठ होते. मला ते खांदे ओळखू आले. आता हसतील, म्हणून हा माणूस मार खायला उभा राहावा तसा बसला होता.

साहेबांनी तोंडातला घास संपवला. "वा!" ते म्हणाले. ह्यांनी मान वर केली. "वा सर! मॅडमनी चांगलं तयार केलंय तुम्हाला."

एकच हशा झाला. पण तो काकांच्या बैठकीतला हशा नव्हता, खूप प्रेमाचा होता. टायपिस्ट आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघा, शिका काहीतरी." तो म्हणाला, "आधी तू शिकव की." पुन्हा हशा.

मग माझ्यानं राहवलं नाही. शपथ गेली चुलीत. मी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "ऐका. मी ह्यांना काही शिकवलेलं नाही. मला धपाटे येतच नाहीत. पहिल्या दिवसापासून तुम्ही जे खाल्लेत ना, ते सगळे ह्यांच्या हातचे. रोज सकाळी हे करतात, मी फक्त आणते."

ह्यांनी हातातलं फडकं घट्ट धरलं होतं. मी एकेकीच्या तोंडाकडे पाहत होते.

"काय पण थट्टा!" टायपिस्ट म्हणाली आणि पोट धरून हसू लागली. "कवायतीचे सर, सकाळी उठून, धपाटे!" रेकॉर्ड रूमवाली म्हणाली, "झूट बोलने कू बी तमीज होना गे." मी म्हणाले, "अगं, खरंच. आईशप्पथ." तशी ती आणखी हसली. आणि हेडक्लार्क बाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझी पिठाची बोटं हातात घेतली. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "याला म्हणतात संस्कार," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "चार लोकांत स्वतःकडे कमीपणा घेऊन नवऱ्याला मोठेपणा द्यायचा. आजकालच्या मुलींनी हे बघून ठेवावं."

"बाई, तसं नाही हो," मी म्हणाले.

"कळलं गं," त्या म्हणाल्या. "तुझे पहिले दोन बिघडले तेव्हाच मी ओळखलं. मुद्दाम बिघडवलेस. त्यांना पुढं करायला."

मी ह्यांच्याकडे वळले. म्हटलं, तुम्ही तरी सांगा. सगळे ह्यांच्याकडे बघू लागले. ह्यांच्या मिशा हलल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग ह्यांनी सगळ्यांच्या हसऱ्या, तेलकट, वाट बघणाऱ्या तोंडांवरून नजर फिरवली आणि पोळपाटाकडे वळले.

"व्हय," हे म्हणाले. "हिनंच शिकवलं."

टाळ्या पडल्या. ह्यांनी उरलेलं सगळं पीठ संपवलं. कोणाला मागायची वेळ येऊ दिली नाही.

परतताना बसमध्ये पोरं झोपली होती, मागं टायपिस्ट गाणी म्हणत होती. हेडक्लार्क बाईंनी पुढच्या सीटवरून वळून सांगितलं, "सोमवारी जरा जास्त आण गं. वरच्या मजल्यावरच्यांनाही द्यायचेत." मी बरं म्हटलं. हे खिडकीशी बसले होते. बाहेर सिल्लोडचे दिवे मागं गेले, ह्यांच्या गावाचा फाटा गेला, तरी तिकडं बघितलं नाही. मला वाटलं, शपथ मोडली म्हणून रागावले असतील. मी हळूच म्हणाले, "चुकलं माझं. पण मला वाटलं..."

"तुझं काय चुकलं?" हे म्हणाले. रागावल्यासारखं वाटलं नाही. "हसले तर काय बोलायचं ते मी ठरवून ठिवलं होतं. लई वर्षं झाली ठरवून." ह्यांनी खिडकीची काच ओढून घेतली. "खरंच वाटणार नाय, हे काय डोक्यात आलं नव्हतं."

माझ्याजवळ ह्यांना देण्यासारखं खरं तेवढंच होतं, आणि ते तर मी सगळ्यांपुढं सांगून बसले होते.